वासंतीचं पुढे काय झालं

नरखेडहून आत जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात नत्थूजींचं घर होतं आणि घरामागेच संत्र्याचा बगीचा. बगीचा बरा पिकत होता, विहिरीला पाणी होतं, मुलगा हर्षित नागपुरात नोकरीला लागून तिकडेच संसार थाटून बसला होता. नत्थूजींची कुणाबद्दल तक्रार नव्हती आणि कुणाची त्यांच्याबद्दल नव्हती. फक्त ते घरात बोलत नसत. घुमे म्हणावं तर तेही नाही. संत्र्याचा सौदा करताना त्यांचा आवाज चढत असे, मजुरांना मारलेली हाक नाल्यापलीकडे ऐकू जात असे. पण उंबरठ्याच्या आत पाऊल पडलं की सगळं थांबायचं. ताटावर बसल्यावर "वाढ" आणि जेवण झाल्यावर "बस", एवढ्यात त्यांचा दिवस उरकायचा. बायको पुष्पलता लग्नानंतरची काही वर्षं यावरून रुसली, एकदोनदा माहेरी जाऊन बसली, आणि मग तिनं मनाशी काहीतरी ठरवून टाकलं असावं. ती एकटीच दोघांपुरतं बोलायला शिकली.

टीव्हीची छत्री, म्हणजे डिश, तिच्याच हट्टापायी आली. घरात टीव्ही होता, पण हर्षित नागपूरला गेल्यापासून त्याचं रिचार्ज कोण करणार? महिना संपला की पडद्यावर पाटी यायची, आणि मुलाला फोन करकरून तिला लाज वाटू लागली.

"मले ते फुकटवाली छत्री आणून द्या," एके दिवशी ती म्हणाली. "ताराच्या घरी हाये. एकदा बसवली का झालं. मंग ना रिचार्ज, ना कोणाच्या हातापाया पडनं."

 नत्थूजी पुढच्या बाजाराला गेले आणि मोटारसायकलच्या मागे ती पांढरी थाळी बांधून घेऊन आले. स्लॅबवर त्यांनीच ती ठोकली. ते वर थाळी फिरवत होते आणि पुष्पलता खाली टीव्हीपुढे उभी राहून ओरडत होती. "आलं! आलं! गेलं, बाप्पा. अजून थोडी वळवा. नाई, तिकडं नाई! आलं! आता हात नका लावू!" शेजारची तारा कुंपणाशी येऊन हसत उभी होती. चाळीसेक वर्षांच्या संसारात या नवराबायकोला इतका वेळ एकमेकांशी बोलताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

तेव्हापासून दुपारचे दोन वाजले की पुष्पलता सगळी कामं बाजूला सारून टीव्हीपुढे बसत असे. त्या वेळी एक मराठी मालिका लागायची. नत्थूजी बगीच्यातून येऊन जेवून त्याच खोलीत खाटेवर आडवे व्हायचे, तोंडावर दुपट्टा ओढून. मालिकेचं सुरुवातीचं गाणं कानावर पडलं की त्यांना झोप लागायची. कितीतरी दुपारी अशा गेल्या. पडद्यावर कोण येतं, कोण जातं, हे त्यांनी एकदाही डोळ्यांवरचा दुपट्टा बाजूला करून पाहिलं नाही.

पोळ्याच्या आधीपासून पुष्पलताला खोकला होता. पोळा झाला आणि तिला दम लागू लागला. आधी पाण्याची घागर उचलताना, मग अंगण झाडताना, मग नुसतं बोलताना. हर्षित येऊन तिला नागपूरला घेऊन गेला आणि रामदासपेठेतल्या एका मोठ्या दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, त्यात आता जंतुसंसर्ग झालाय. औषधं सुरू केली आहेत, वाट पाहू. तिला अतिदक्षता विभागात ठेवलं. संध्याकाळी एकाच माणसाला आत सोडत, तेही थोडा वेळ.

नत्थूजी रोज आत जायचे. पायांत निळ्या पिशव्या, तोंडाला पट्टी. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसायचे आणि मशीनकडे पाहत राहायचे. हिरवी रेघ, पिवळी रेघ, खालीवर होणारे आकडे. आकडा खाली आला की ते पुढे वाकून पाहायचे, वर गेला की बरं वाटायचं. नाकातोंडावर मास्क लावलेली पुष्पलता त्यांच्याकडे पाहत पडलेली असायची. वेळ संपली की नर्स खूण करायची आणि ते उठायचे. "येतो" एवढंच म्हणायचे.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिनं मास्कच्या आतून विचारलं, "आज वासंतीचं काय झालं?"

"कोन वासंती?"

"दुपारच्या सिरीयलमधली."

"मी नाई पाह्यली."

"मंग पाहा ना." ती थांबली, श्वास गोळा केला. "उद्या सांगा मले."

नत्थूजींना नवल वाटलं. या अवस्थेत हिला सिरीयल सुचते! पण आजारी माणसानं काहीतरी मागितलं होतं, आणि त्यांच्या हातून होण्यासारखं या साऱ्या दवाखान्यात दुसरं काही नव्हतं. औषधं हर्षित आणत होता, डॉक्टरांशी तोच बोलत होता. ते मान हलवून बाहेर आले.

तेव्हा ते हर्षितच्या घरी राहत होते, मनीषनगरकडे. भिंतीएवढा टीव्ही होता, पण तो इंटरनेटवर चालायचा. सून रितिकानं समजून घ्यायचा खूप प्रयत्न केला.

"मामाजी, सिरीयलचं नाव काय?"

"नाव नाई माहीत."

"चॅनल?"

"आपल्या छत्रीवर दिसते ते."

"गोष्ट काय आहे?"

"वासंती नावाची बाई हाये त्याच्यात."

रितिका हसली नाही. फोनवर शोधत राहिली, आणि शेवटी तिला ती मालिका सापडलीसुद्धा. शेकडो भाग एकाखाली एक लावलेले होते. "यातला कोणता, मामाजी? आई कुठपर्यंत आल्या होत्या?" नत्थूजी त्या छोट्या छोट्या चित्रांकडे पाहत राहिले. हजारदा ऐकलेल्या घरातली माणसं होती ती, आणि त्यातलं एकही तोंड त्यांच्या ओळखीचं नव्हतं. पुष्पलता कुठपर्यंत आली होती, हे त्यांना कसं माहीत असणार?

"राहू दे, बेटा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बसायच्या जागेत त्यांनी टीव्ही पाहिला. तिथे बातम्या चालू होत्या, आवाज बंद. दुपारी ते बाहेर पडले आणि मागच्या गल्लीतून उगाच चालू लागले. दवाखान्यांच्या मागच्या त्या गल्लीत जुनी बैठी घरं उरली होती, आणि बऱ्याच दारांवर रुग्णांच्या नातेवाइकांसाठी खोली मिळेल अशा पाट्या होत्या. अशाच एका फाटकापुढून जाताना त्यांच्या कानावर ते गाणं आलं. नाव माहीत नव्हतं, चेहरे माहीत नव्हते, पण गाणं चुकणं शक्य नव्हतं. ते फाटकाशी थबकले. वर पाहिलं तर पत्र्याच्या कडेला त्यांच्या घरावर होती तशीच थाळी, आग्नेयेकडे तोंड करून.

आतून एक म्हातारी बाई आली. "खोली पाह्यजे का, भाऊ?"

"नाई. हे... सिरीयल." नत्थूजींना पुढे शब्द सुचेनात. "माही बायको दवाखान्यात हाये. तिनं सांगतलं, पाहून या म्हनून."

त्या बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि फाटकाची कडी काढली. "मंग बाहेर काहून उभे हाय? सुरू झाली ना."

तुळसाबाई त्यांचं नाव. नवरा गेल्यावर घरातल्या दोन खोल्या त्या दवाखान्यात आलेल्या माणसांना द्यायच्या. ओसरीवर टीव्ही ठेवलेला असे, तिथे कुणीही येऊन बसावं. "इथी येनारा मानूस काळजीनं अर्धा झालेला राह्यते," त्या म्हणायच्या. "त्याले बसाले काईतरी लागते. अन् मले महिन्याच्या महिन्याले रिचार्ज कोन करून देईन? म्हनून ही छत्री. टीव्ही लावा, पाहा, देनं ना घेनं." त्या दिवशी ओसरीवर मुलताईकडचं एक जोडपं होतं, मुलाचं ऑपरेशन झालेलं. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. सगळे पडद्याकडे पाहत होते.

संध्याकाळी नत्थूजी स्टुलावर बसले आणि घसा खाकरला. "पाह्यली."

पुष्पलतानं मान वळवली.

"ती आली. बोलली. मंग दुसरी रडली."

"कोन रडली?"

"हिरव्या लुगड्यावाली."

मास्कमध्ये धुकं आलं. ती हसत होती. "ते माया. धाकटी जाऊ. काहून रडली पन?"

काहून रडली, ते नत्थूजींनी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते लवकर जाऊन पुढच्या खुर्चीवर बसले. आठवडाभरात त्यांनी हर्षितला सांगितलं की मला दवाखान्याजवळच राहायचंय, जाण्यायेण्याचा त्रास होतो, आणि तुळसाबाईंची मागची खोली घेतली. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. सांगताना लाज वाटली असती.

हळूहळू त्यांना गोष्ट कळू लागली. वासंती ही घरातली मोठी सून. तिचा नवरा भांडून घर सोडून गेलेला, कित्येक वर्षं पत्ता नाही. धाकट्या जावेला वाटतं की तो मेला, आता घराची वाटणी व्हावी. वासंती कुंकू पुसायला तयार नाही. आणि आता देवळात एक दाढीवाला माणूस येऊन राहिलाय, त्याला मागचं काही आठवत नाही. नत्थूजी हे सगळं पुष्पलताला सांगायचे. आधी तुटक, मग जरा लांबवून, मग कोण कुठे उभं होतं आणि कुणी कोणता पदार्थ केला होता इथपर्यंत. वासंतीच्या सासूचं बोलणं सांगताना त्यांचा आवाज आपोआप सासूसारखा व्हायचा. शेजारच्या पलंगाचं सलाइन बदलणारी केरळची नर्ससुद्धा हात थांबवून ऐकायची, तिला किती कळायचं देव जाणे. पुष्पलता क्वचितच बोलायची, तिला बोलवत नव्हतं. पण डोळे त्यांच्या तोंडावर असायचे.

एके दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला आणि टीव्हीवर नुसता निळा पडदा. "पाऊस थांबल्याबिगर नाई येनार," तुळसाबाई म्हणाल्या. पाऊस थांबला तेव्हा मालिका संपून गेली होती. नत्थूजी दवाखान्याचा जिना चढताना घाबरले होते. रिकाम्या हातानं कसं जायचं? स्टुलावर बसून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मनानं गोष्ट रचली.

"आज वासंती बगीच्यात गेली. तं एक झाड वाळून राह्यलं होतं. तिनं मुळाशी उकरून पाह्यलं, तं डिंक्या रोग लागला होता."

पुष्पलता ऐकत राहिली. "वासंतीले बगीचा कधी आला?"

"घेतला असंल."

ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली आणि नर्स धावत आली. मशीनवरचा आकडा घसरला. नत्थूजी स्टूल मागे सारून उभे राहिले. पण उबळ गेल्यावर ती पुन्हा त्यांच्याकडेच पाहत होती, आणि डोळ्यांत अजून हसू होतं.

मधले काही दिवस बरे गेले. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन थोडा कमी केलाय. हर्षित पेढे आणायचं बोलू लागला. मग पुन्हा ताप चढला.

ते मुलताईचं जोडपं मुलाला घेऊन घरी गेलं त्या दुपारी ओसरीवर नत्थूजी आणि तुळसाबाई दोघंच होते. पडद्यावर दाढीवाला माणूस वासंतीच्या दाराशी येऊन परत फिरला. नत्थूजींच्या तोंडून निघून गेलं, "अरे, जाय ना आत!"

तुळसाबाई तांदूळ निवडत होत्या. "जाते ना, भाऊ. शेवटी जाते. हे तं जुनी हाये. दोन सालाखाली याच चॅनलवर लागली होती, पुरी. आता पुन्हा दाखवून राह्यले. छत्रीवर असंच राह्यते, फिरून फिरून तेच."

"जुनी?"

"हाव. मी तं दुसऱ्यांदा पाहून राह्यली."

नत्थूजी पडद्याकडे पाहत बसले, पण पुढचं काही दिसलं नाही. दोन वर्षांखाली. तेव्हा छत्री घरावर होती. तेव्हाही दोन वाजता ते याच गाण्यावर झोपत होते. म्हणजे पुष्पलतानं ही गोष्ट शेवटपर्यंत पाहिलेली होती. दाढीवाला कोण, माया का रडते, सगळं तिला आधीपासून माहीत होतं. त्यांना राग आला. आपण म्हातारपणी शाळेतल्या पोरासारखे रोज धडा पाठ करून जात होतो, आणि ही गंमत पाहत होती की काय?

संध्याकाळी ते आत गेले तेव्हा मास्क बदललेला होता, आधीपेक्षा मोठा, घट्ट बांधलेला. त्यांचा राग दारातच गळून गेला. तरी बसल्यावर त्यांनी विचारलंच.

"तुले तं सगळं माहीत हाये म्हने. पाह्यलेली हाये तुनं."

तिनं डोळे मिटून उघडले. हो.

"मंग काहून विचारत होती मले?"

ती उत्तर देऊ लागली. एकेका श्वासावर दोन-दोन शब्द येत होते.

"तुमी येता... अन् त्या मशीनीकडं... पाहत बसता." ती थांबली. "सांगताना... माह्याकडं पाहता."

नत्थूजी पुढे सरकले. त्यांनी तिचा हात धरला. हाताला सुई लावलेली होती म्हणून बोटं तेवढी धरली. वेळ संपेपर्यंत त्यांनी मशीनकडे मान वळवली नाही. जाताना ती म्हणाली, "उद्या रविवार. उद्या नसते ती."

"मंग उद्या काय सांगू?"

"घरचं सांगा."

घरचं! महिना होत आला, ते गावी गेले नव्हते. बगीचा गडी पाहत होता, घराची किल्ली ताराकडे होती. रात्री त्यांनी ठरवलं की सकाळच्या एसटीनं जायचं, डोळ्यांनी पाहून यायचं आणि संध्याकाळी तिला सांगायचं. हर्षितला तसं कळवलं.

गावी पोचले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. त्यांनी बगीच्यातून एक चक्कर मारली आणि प्रत्येक गोष्ट मनात साठवून घेतली. आंबिया बहाराची संत्री भरत आली आहेत. विहिरीचं पाणी काठाला टेकलंय. म्हैस त्यांना पाहून रेकली. अंगणातली तुळस वाळली होती. ती सांगायची नाही असं त्यांनी ठरवलं. कपाटातून तिची जांभळी शाल काढून पिशवीत घातली. मग टीव्ही लावून पाहिला तर पडद्यावर काही नाही. बाहेर येऊन वर पाहिलं. वानरांनी छत्री पार उलटी करून टाकली होती, तोंड जमिनीकडे.

तशीच सोडून ते निघाले असते तर दुपारची गाडी मिळाली असती. पण त्यांच्या मनात आलं की ती बरी होऊन घरी आली, पहिल्याच दुपारी टीव्हीपुढे बसली आणि पडदा कोरा दिसला तर? आणि आज संध्याकाळी सांगता तरी येईल, छत्री नीट करून आलो म्हणून. ते पाना घेऊन स्लॅबवर चढले. तारा शेतात गेली होती, खाली उभं राहायला कुणी नव्हतं. थोडी वळवायची, जिना उतरायचा, आत जाऊन पाहायचं, पुन्हा चढायचं. गुडघे बोलू लागले. कितव्या खेपेला कोण जाणे, टीव्हीतून आवाज आला. कुठलासा गाण्यांचा कार्यक्रम होता, चित्र स्वच्छ. त्यांना फार आनंद झाला. तोंड धुवून, किल्ली ताराच्या सासूकडे देऊन ते रस्त्यावर आले तेव्हा गाडी निघून गेली होती.

पुढच्या गाडीनं ते नागपूरला उतरले आणि रिक्षा करून दवाखान्यात पोचले, तोवर भेटीची वेळ टळून गेली होती. दारावरच्या माणसानं हात जोडले, "बाबाजी, आता नाही सोडता येत." आत हर्षित जाऊन आला होता.

"तिनं विचारलं मला, बाबा कुठे आहेत," हर्षित म्हणाला. "मी म्हटलं, गावी गेलेत, येतील आता."

"मंग?"

"म्हणाली, बरं झालं. घरचं सांगतील आता."

नत्थूजी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले.

पहाटेच्या सुमारास तिचा श्वास फार अडकला आणि डॉक्टरांनी घशातून नळी घातली. झोपेचं औषध दिलं. सकाळी नत्थूजींना आत सोडलं तेव्हा ती डोळे मिटून पडलेली होती आणि मशीन तिच्यासाठी श्वास घेत होतं. "ऐकू येते का तिले?" त्यांनी नर्सला विचारलं. ती म्हणाली, "बोलिए बाबा, सुनाई देता है." खरं की धीर द्यायला, त्यांना कळलं नाही. ते स्टूल पलंगाला चिकटवून बसले आणि तिच्या कानाशी वाकून सांगू लागले. संत्री भरत आली, अवं. विहीर काठोकाठ हाये. म्हैस रेकली मले पाहून, तुले शोधत होती. तुळस बरी हाये, हिरवीगार. तुही शाल आनली. छत्री वानरायनं उलटी केली होती, ते नीट केली. एकट्यानंच केली. चांगलं दिसते आता.

सगळं सांगून झालं, तरी वेळ उरला होता. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

दोन दिवस ते असंच सांगत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी हर्षित तुळसाबाईंच्या ओसरीवर त्यांना बोलवायला आला. मालिका सुरू होती. त्याचा चेहरा पाहून तुळसाबाई उठल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

गावी पुष्पलताचं सगळं रीतसर झालं. माणसं आली, गेली. नत्थूजींच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, यावर बायका आपसात कुजबुजल्या. पहिल्यापासून कोरडाच माणूस, असंही कुणी म्हणालं. हर्षित आणि रितिकानं खूप आग्रह केला की आमच्याकडे चला. "संत्री निघू दे," ते म्हणाले. रितिका म्हणाली, "मामाजी, ती सिरीयल सगळी आहे माझ्याकडे. पाहिजे तर एका दिवसात पाहून होईल." ते नको म्हणाले.

तेरवीनंतर त्यांनी दोन वाजता टीव्ही लावला. खाटेवर आडवे न होता समोर जमिनीवर बसले. मधले बरेच भाग निघून गेले होते, पण गोष्ट कळत होती. दिवाळी गेली. व्यापाऱ्याचे लोक येऊन संत्री तोडून गेले; त्या दिवसांतही दुपारी नत्थूजी हात धुवून घरात यायचे. थंडी पडली. मालिका संपत आली, हे त्यांना लोकांच्या बोलण्यावरून नव्हे, मायाच्या वागण्यावरून कळलं. ती सुधारू लागली होती.

शेवटच्या भागात तो दाढीवाला दाराशी आला. वासंती रांगोळी काढत होती. तिनं वर पाहिलं. तो म्हणाला, "मला उशीर झाला."

एवढंच होतं. पुढे सगळे हसत होते, ओवाळत होते, नावं झळकत होती. पण नत्थूजींना ते दिसलं नाही. त्यांच्या छातीतून एक आवाज निघाला, त्यांनाच अनोळखी. मग तो थांबेचना. ते जमिनीवर हात टेकून मोठमोठ्यानं रडले. बाईमाणूस रडतं तसे, हातचं काही न राखता.

तारा भाकरी टाकायची सोडून धावत आली, हाताला पीठ. "काय झालं, भाऊजी? कोनाचा फोन आला?"

 त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. तारानं पाहिलं. तिच्या लक्षात आलं. ती भिंतीशी बसली, आणि थोड्या वेळानं तिचेही डोळे वाहू लागले, कारण ती आणि पुष्पलता मिळून कितीदा या घरात ही मालिका पाहत बसल्या होत्या.

मग तिनं उठून चुलीवर चहा ठेवला. साखर कुठे असते हे तिला माहीत होतं. नत्थूजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि कप हातात घेतला.

"बसा थोडं," ते तिला म्हणाले. "दवाखान्यात काय काय झालं ते सांगतो. कोनाले सांगतलंच नाई मी."

तारा पदराला हात पुसून बसली. टीव्हीवर जाहिरात चालू होती. नत्थूजींनी हात लांबवून आवाज कमी केला आणि सांगायला सुरुवात केली.